मागच्या चाकांतली हवा

मामाजी,

पत्र्याची पेटी अजून दुकानाच्या भिंतीवरच आहे, हवेच्या मीटरशेजारी. तेरवी झाली, पाहुणे गेले, मंडपवाला त्याची भांडी घेऊन गेला. गावच्या मंडळाचे अध्यक्ष, आपले कापडवाले शेठ, श्रद्धांजलीसाठी तुमची माहिती मागायला येऊन गेले. जन्म कुठला, शाळा कुठली, दुकान कधी टाकलं. ती तुमच्या मुलाने लिहून दिली. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, तेवढं मला पुरं करायचं आहे.

पेटीत जे जमलं होतं त्यातून मंडळाच्या जीपला एकच गोष्ट घेता येत होती. नवे टायर, नाहीतर नवी चाकं, नाहीतर स्प्रिंगच्या नव्या कमानी. तुम्ही असताना यावर आपलं एकमत झालं नाही. तुम्ही गेलात, तर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. गाडी रोज लागते. मरणारे आपलं भांडण मिटायची वाट बघत थांबत नाहीत.

कारंज्यात तुम्हाला टायरवाले म्हणून ओळखणारे कमी, मयताच्या गाडीवाले म्हणून ओळखणारे जास्त. हायवेवर अपघात व्हायचे, वर्ध्याच्या दवाखान्यात माणसं दगावायची आणि तिथून मयत गावाकडे आणायला वाहन मिळायचं नाही. काळीपिवळीवाले सरळ नाही म्हणायचे. एकदा मयत नेलं की पुढे कितीतरी दिवस त्या जीपमध्ये सवारी बसत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मग लोक मालाच्या टेम्पोत, सरकीच्या पोत्यांशेजारी टाकून आपला माणूस घरी आणायचे. म्हणून तुम्ही मंडळाच्या मागे लागून ती लांबडी जुनी जीप घ्यायला लावलीत. मागचे बाक काढून मधोमध फळी ठोकलीत, दोन्ही अंगांना घरच्यांना बसायला अरुंद पाट ठेवलेत. भाडं ठरवलं नाही. ज्याला जे जमेल ते त्याने पेटीत टाकावं. काही जण टाकायचे, काही जण दुःखात विसरायचे, काही जण विसरल्यासारखं करायचे. तुम्ही कोणाकडेच बघायचा नाहीत. मी बघायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. त्या आधीच गेलेल्या. यांची नोकरी वर्ध्याला. शनिवारी यायचं आणि सोमवारी पहिल्या एसटीने जायचं. दुकानाचा यांना मुळीच नाद नाही, रबराच्या वासाने यांचं डोकं दुखतं. तुम्ही मला गल्ल्यावर बसवलंत. शेजारच्या काकू ओसरीवर येऊन म्हणाल्या, ‘काऊन हो, सुनेले टायरच्या दुकानात बसवता?’ तुम्ही म्हणालात, ‘थे घरी बसून काय करन? भाजीत मीठ कमी हाय म्हणून मले सांगन. त्यापेक्षा चाकात हवा कमी हाय हे लोकाईले सांगू दे.’ ट्रकवाले येऊन विचारायचे, मालक कुठे आहेत. तुम्ही पंक्चरच्या टाकीपाशी बसून हात न थांबवता सांगायचात, ‘मालक तिथं बसली हाय.’ पहिल्या वेळी मी लाजले. दुसऱ्या वेळी मी त्याला भाव सांगितला.

टायर कसा वाचायचा हे तुम्हीच शिकवलंत. ट्रकचा एक उतरवलेला टायर माझ्यापुढे उभा केलात आणि म्हणालात, ‘डोळ्यानं नाई. हातानं पाह्य.’ मधोमध घासला असेल तर हवा जास्त. एकाच कडेला घासला असेल तर चाक तिरकं. दोन्ही कडा खाल्ल्या गेल्या आणि मधली नक्षी शाबूत राहिली, तर हवा कमी. हवा कमी ठेवली की टायर चालताना मुडपतो, तापतो आणि एक दिवस बाजूतून फाटतो. ‘अशा माणसाले सांगजो, बाबा, तू टायरवर नाई, मरणावर बसून गाडी हाकून राह्यला.’ हे शब्द तुमचे. मी ते नंतर कितीतरी ड्रायव्हरांना ऐकवले. शेवटी तुम्हालाच ऐकवायची वेळ आली.

मयताच्या गाडीचे मागचे टायर लवकर जायचे. एकदा उतरवले तेव्हा मी हात फिरवला. दोन्ही कडा गेलेल्या. वाटलं, व्हॉल्व्ह गळत असेल. व्हॉल्व्ह बदलले. पुढच्या जोडीचंही तेच झालं. मग मी गजूला धरलं. गजू स्वतःची काळीपिवळी चालवायचा आणि तुमची कंबर धरली की मयताची गाडीही तोच न्यायचा.

‘वहिनी, माह्यं नाव नका सांगू. मयत फळीवर ठेवलं का मामा मागच्या चाकाईची हवा काढतेत. पार अर्ध्यावर आणतेत. मंग गाडी मऊ चालते. घरी पोचवलं का पायपंपानं भरतेत परत.’

मी तुम्हाला चहा देता देता विचारलं. आडून विचारायची मला सवय नाही.

‘मामाजी, टायरवाल्याच्या घरचा माणूस असं करते काय?’

‘मंग काय करू? कमानी दगडावाणी हाय.’

‘पण मयताले काय हादरे लागते?’

तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. ‘मयताले नाई लागत. जवळ बसते त्याले लागते.’

‘मग जवळ बसणाऱ्याले गादी द्या. टायर काऊन मारता?’

तुम्ही चहा संपवून उठलात. पण त्या दिवसापासून गाडीचा विषय निघाला की मी शोभाची शोभाबाई व्हायचे. शोभा म्हणालात की काम आहे आणि शोभाबाई म्हणालात की भांडण आहे, हे गजूलासुद्धा पाठ झालं होतं.

कमानींचं दुखणं खरं होतं, ते मी कधी नाकारलं नाही. आधीच्या मालकाने सवाऱ्या कोंबण्यासाठी मागच्या कमानीत जादा लोखंडी पाटे घातलेले. बाहेर माणसं लटकली तरी गाडी बसायची नाही. पण एक मयत आणि शेजारी चार माणसं, एवढ्या वजनाला ती कमान दबायचीच नाही. प्रत्येक खड्डा सरळ फळीत यायचा. तुम्ही एकदा दोन पाटे काढूनही पाहिलेत. त्या खेपेला नेमकी मयताच्या घरातली सगळीच माणसं मागे चढली. रडणाऱ्याला उतर म्हणणार कोण? गाडी टेकली, टायर वरच्या पत्र्याला घासत आला. पाटे परत घातले. नीट काम करायचं तर वेगळ्या मापाच्या नव्या कमानी बनवून घ्यायच्या, जोडीला शॉकअप. म्हणजे पेटी रिकामी. आणि टायर घेतले तरी पेटी रिकामीच.

शेठचं तिसरंच काही. एका सकाळी ते दुकानात येऊन बसले, गुडघ्यावर रुमाल पसरून.

‘मी काय म्हणतो मामा, चाकंच बदलू. नागपूरले रुंद चाकं भेटते, चकचकीत. गाडी कशी भरल्यावाणी दिसते. मंडळाच्या गाडीले काही शोभा पाह्यजे का नाई?’

‘शोभा हाय ना आपल्यापाशी,’ तुम्ही माझ्याकडे मान वळवलीत. ‘दिवसभर माह्यी शोभाच करून राह्यली.’

शेठ हसले. ‘पण लोकं चाकंच पाह्यते ना. कमानीखाली वाकून कोण पाह्यते?’

मी म्हटलं, ‘शेठ, मयताच्या गाडीकडं लोक पाहतच नाही. तोंड फिरवते.’

रुंद चाकाचा एक फायदा आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं. त्यावर जाड टायर बसतो, तो जरा मऊ चालतो. पण मग टायरही त्या मापाचे घ्यावे लागतात. आधी चाकं, मागाहून टायर, आणि मधल्या काळात मयत कशावर न्यायचं? एरवी जीपचे उतरलेले टायर हातगाडीवाले मागून नेतात, तेवढाच आधार होतो. मयताच्या गाडीचे टायर मात्र कोणी फुकटसुद्धा नेत नाही. ते आपल्या मागच्या अंगणात रचलेले आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि मी दरवर्षी तुमच्या नावाने बोटं मोडत ते उपसते.

मी दुसरा मार्गही सुचवला होता. दुकानाच्या फळीवरचे टायर लावू, पैसे येतील तेव्हा येतील. तुम्ही हात झटकलेत. ‘दुकानासमोर थे गाडी उभी करून टायर बसवले तं गिऱ्हाइक पाय ठेवणार नाई. थे गाडी वेगळी, दुकान वेगळं.’ म्हणून गाडी कायम नाल्याच्या अंगाला, बाभळीखाली उभी. तुम्हाला धंदा कळत होता. स्वतःच्या जिवाचं तेवढं कळत नव्हतं.

मग आर्वी रस्त्यावरची ती दुपार आली. ऐन मे महिना. रस्त्यावरच्या एका ढाब्यावरून दुकानात फोन आला की मागचा टायर फुटला आहे. स्टेपनी पंक्चर होऊन दुकानातच पडलेली होती. तिचं पंक्चर काढलं आणि ती घेऊन मी गजूच्या काळीपिवळीत बसले. पोचलो तेव्हा जीप एका अंगाला झुकलेली होती आणि टायर बाजूतून हातभर फाटला होता. तुम्ही तुमच्या धोतराच्या सोग्याने जॅकचं तेल पुसत होता. गाडीत एक तरुण मुलगा होता, शेतातल्या मोटरपंपाचा शॉक लागून गेलेला. त्याच्या बरोबरचे पुरुष बाभळीखाली बसलेले. आई मात्र आतच, तापलेल्या पत्र्याखाली, फळीला चिकटून. पदराने त्याच्या तोंडावरच्या माशा वारत होती.

मी टायरच्या फाटीवर बोट ठेवलं. ‘मामाजी, सांगून सांगून मी थकली. आज सरळ रस्त्यात फुटला. तिकडं पुलावर फुटला असता तं? आणखी किती तिरड्या बांधा लागल्या असत्या?’

आतून ती आई बोलली.

‘बाई, त्याईले नका बोलू. वर्ध्यापासून माह्या लेकराचं डोस्कं हाललं नाई. निजल्यावाणी आलं.’

मी गप्प बसले. पटलं म्हणून नाही, तिच्यासमोर बोलायचं नव्हतं म्हणून. चाक बसवलं. हवा पूर्ण भरली, मीटर लावून पाहिली आणि व्हॉल्व्हचं टोपण मी स्वतः आवळलं. पुढचा सगळा रस्ता आम्ही तुमच्या मागे होतो. मागचा पडदा वर बांधलेला होता, त्यातून त्या बाईची पाठ दिसत होती. आता हवा पूर्ण होती, गाडी उडत होती. प्रत्येक खड्ड्याला ती पुढे वाकायची आणि खड्डा गेला की सरळ व्हायची. पुन्हा वाकायची. ती काय करत होती ते मला त्या दिवशी समजलं नाही. वाटलं, तोल जात असेल.

घरी आल्यावर तुम्ही जेवायला बसलात आणि मी न विचारता बोललात.

‘तुह्या सासूले मालाच्या टेम्पोत आणलं होतं वर्ध्याहून. मी जवळ बसलो होतो.’

‘मग?’

‘मंग काई नाई. डोकं वाजत होतं तिचं. पार कारंज्यापर्यंत.’

मी वाढत होते. म्हटलं, ‘हातानं धरायचं होतं.’

तुम्ही वर पाहिलंत. ‘धरलं होतं. कुठवर धरशीन?’

मग तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि ठेचा मागितलात. मी ठेचा वाढला. सासूबाईंबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. पुढे विचारावं असं मला वाटलं होतं, पण तुम्ही खाली मान घालून जेवत होतात आणि जेवणाऱ्याला मी बोलत नाही. नंतर कधी विषय निघाला नाही. आपल्या घरात टायर सोडून दुसरा विषय सहसा निघायचाच नाही. आपल्याला तो पुरायचा.

त्यानंतरही तुम्ही हवा काढत राहिलात. मी नवी जोडी घालायचे, तुम्ही तिच्या कडा खायचात. मी रागावायचे, तुम्ही शोभाबाई म्हणायचात. माणूस म्हणून तुम्ही कधी मला कमी लेखलं नाहीत, दुकानाची किल्ली माझ्या कमरेला लावलीत, चारचौघांत माझा शब्द उचलून धरलात. फक्त या एका गोष्टीत माझं ऐकलं नाहीत.

तुमची छाती भरली तेव्हा आम्ही तुम्हाला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी समजून घेतलं आणि तुमच्या मुलाला हळूहळू सांगितलं. तुम्ही मात्र आधीच ओळखलं होतं. नळ्या लावलेल्या, आवाज पार बसलेला. मला जवळ बोलावलंत.

‘गाडीचे टायर पाह्यले काय?’

‘पाहिले. दोन्ही कडा गेल्या.’

‘कमानी घेजो.’

‘पाहू,’ मी म्हटलं.

तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तोच. लोक अशा वेळी काय काय बोलतात. मी ‘पाहू’ म्हटलं, कारण मला खोटं ‘हो’ म्हणायचं नव्हतं. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

त्याच रात्री तुम्ही गेलात. सकाळी गजू गाडी घेऊन दवाखान्यात आला. तुम्हाला फळीवर ठेवलं. नेहमी तुम्ही बसायचात तसा गजू मागच्या चाकापाशी उकिडवा बसला, व्हॉल्व्हचं टोपण काढून, हातात हवा सोडायची काडी घेऊन.

‘वहिनी, हवा काढू ना?’

हे म्हणाले, ‘काढ. बाबांची पद्धत होती ती.’

मी चाकापाशी गेले. हात फिरवला. कडांवर रबर उरलंच नव्हतं, बाजूला बारीक चिरा पडलेल्या. मी म्हटलं, ‘नाही काढायची.’

‘अगं, आज बाबाच आहेत ना!’

‘बाबा आहेत. आणि आपण सगळे त्यांच्याबरोबर बसणार आहोत. या टायरांवर हवा काढली तर पुलगावच्या फाट्यापर्यंतसुद्धा जाणार नाही गाडी.’

‘तू आजसुद्धा भांडणार त्यांच्याशी?’

‘हो.’

गजूने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं. त्याला रडू येत होतं. मला त्या वेळी येत नव्हतं. मला हवा किती आहे ते बघायचं होतं. मी मीटर मागून घेतलं आणि पाहिली. मग मागे चढले. हे समोरच्या पाटावर, तुमच्या पायांवर हात ठेवून. मी तुमच्या डोक्याशी.

त्या गाडीत मी मागे कधी बसले नव्हते, मामाजी. इतकी वर्षं तिचे टायर बदलले, तिच्यावरून तुमच्याशी भांडले, पण मागे बसायची वेळ आली नव्हती. पहिला खड्डा फाटकाबाहेरच होता. तुमचं डोकं वाजलं. मोठा आवाज नव्हता. पाटावर खलबत्ता ठेवल्यासारखा. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. मी शालीची घडी करून खाली सारली, ती दोन खड्ड्यांत सरकली. चादर घातली, तिचंही तेच. यांनी कानावर हात ठेवले. गजूने गाडी बैलबंडीसारखी हळू घेतली, तरी वाजत होतं, फक्त जास्त वेळ वाजत होतं.

मग मी दोन्ही हात खाली घातले. समोरून खड्डा दिसत नाही, मागे बसलेल्याला तो चाकाखाली आल्यावरच कळतो. म्हणून चाक आपटलं की पुढे वाकायचं, डोकं उचलून धरायचं, गाडी सावरली की सरळ व्हायचं. पुन्हा वाकायचं. आर्वी येईपर्यंत मी हेच करत होते आणि कधीतरी त्या मुलाच्या आईची पाठ आठवली. तिचा तोल जात नव्हता.

तुमचे केस कानावर वाढले होते. न्हाव्याला बोलवायचं दवाखान्याच्या गडबडीत राहून गेलं होतं. डोकं जड होतं. तुम्ही एवढे वाळला होतात, पण डोकं जड होतं. आर्वीच्या पुढे माझे हात बधिर झाले. हे म्हणाले, मी धरतो. मी म्हटलं, नको, तुमचा हात खड्ड्याला हलतो. खरं तर मला तुम्हाला उत्तर द्यायचं होतं. कुठवर धरशीन, असं विचारलं होतंत ना. तळेगावला हायवे लागला, रस्ता सपाट झाला, तेव्हा हात सोडता आले असते. मी घरापर्यंत धरलं.

हवा काढू दिली नाही याचा मला पस्तावा नाही. तो दिवस पुन्हा आला तरी मी काढू देणार नाही. गाडीत तुमचा मुलगा होता, गजू होता, त्याच्या घरी त्याची वाट बघणारी माणसं होती. पण तो आवाज मी ऐकला. तो अजून कानात आहे. पोळपाटावर लाटणं आपटलं तरी हात आपोआप पुढे जातो. तुम्ही हा आवाज इतकी वर्षं घेऊन फिरत होतात आणि मी तुम्हाला गादी द्या म्हणून सांगत होते.

तेरवीनंतर शेठ आले. पेटी उघडली, मोजली, बंद केली.

‘मामाच्या आठवणीत चाकं घेऊ,’ ते म्हणाले. ‘चाकाच्या टोपणावर मामाचं नाव टाकू. मस्त दिसन.’

‘मामाजींचं नाव चिखलात फिरवायचं काय?’

‘बरं, मंग टायर? तुमी तं पहिल्यापासून टायरच म्हणत होत्या.’

‘कमानी घ्या,’ मी म्हटलं.

कोपऱ्यात गजू स्टुलावर बसला होता, त्याने मान वर केली. दोघांना वाटलं असेल की बाई नरमली. नरमले नाही, मामाजी. मी हिशेब केला. हवा काढायची सवय तुम्ही गजूला लावून गेला आहात. मी दुकानात असणार, तो रस्त्यावर. प्रत्येक मयताला दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून मी त्याचा हात धरणार नाही. आणि खरं सांगायचं तर तो आवाज ऐकल्यावर त्याने काडी काढली तर त्याला मी काय तोंडाने बोलू? कमान दगडासारखी आहे तोवर कोणी ना कोणी हवा काढणारच, आणि हवा काढली की कितीही नवा टायर घाला, तो फाटणारच. टायर वाचवायचे तर आधी कमानी. एवढंच तुम्ही मला नीट मांडून सांगितलं असतंत, टायरवाल्या माणसासारखं, तर मी कधीच ऐकलं असतं. तुम्ही नुसतंच ‘जवळ बसते त्याले लागते’ म्हणालात.

टायर मी दुकानातले काढले. गजूला सांगितलं, गाडी बाभळीखालून इकडे आण आणि दुकानासमोर उभी कर, भर दुपारी, सगळ्यांदेखत. त्याने आणली. तुम्ही म्हणत होतात तसंच झालं. एक ट्रकवाला टायरचा भाव विचारत उभा होता, त्याने गाडी पाहिली, कपाळाला हात लावला आणि निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही. दुसरा आला, त्याने विचारलं, ‘हे कोनाची गाडी?’ मी म्हटलं, ‘माझ्या सासऱ्यांची.’ तो थांबला. त्याने टायर घेतला.

कमानी परवा बसल्या. मिस्त्री गाडीच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी जोर देऊन म्हणाला, एकदम मऊ झाली, बाई. सगळेच म्हणाले, मऊ झाली. उभं राहून दाबून पाहिलं की सगळंच मऊ लागतं. मी टायरमध्ये हवा पूर्ण भरली, मीटर लावून पाहिली आणि मागे चढले. फळीवर आडवी झाले, डोकं तुमचं होतं तिथे ठेवलं आणि पदर तोंडावरून बाजूला केला.

‘वहिनी!’ गजू ओरडला. ‘हे काय करून राह्यल्या तुमी? उतरा खाली! जित्या माणसानं त्याच्यावर निजू नये!’

‘नाक्यापर्यंत चल. नेहमी चालवतोस तशीच चालव. खड्डे चुकवू नको.’

तो शिव्या दिल्यासारखा देवाचं नाव घेत पुढे बसला. बाजारातून गेलो. मागचा पडदा उघडाच होता. चपलेच्या दुकानातली बाई किंचाळली, चहावाल्याने भांडं खाली ठेवलं. शेठच्या दुकानातून कोणीतरी पळत बाहेर आलं. मी छताच्या पत्र्याकडे बघत पडून होते आणि डोक्याकडे लक्ष देत होते.

लागलं. नाक्याजवळच्या मोठ्या खड्ड्याला लागलं आणि येताना पुन्हा एकदा, तिथेच. बाकी रस्ता वाजलं नाही. तुमचं वाजलं होतं तसं तर मुळीच नाही.

खाली उतरून मी मिस्त्रीला सांगितलं, अजून एक पाटा काढ. तो म्हणाला, मग माणसं जास्त बसली की टेकेल. मी म्हटलं, जास्त बसणार नाहीत, ते मी बघते. उतरा म्हणायला तुम्हाला जमत नव्हतं, मला जमतं.

उद्या तो पाटा निघेल. मग मी पुन्हा फळीवर आडवी होऊन नाक्यापर्यंत जाईन. पेटी रिकामी झाली आहे, परत भिंतीला लावली आहे. हवा मात्र पूर्ण आहे, मामाजी. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी स्वतः बघते.